चौतिसाव्या वर्षी आतड्यात पॉलिप सापडला, तर कॅन्सरची भीती किती धरायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३४. वर्षभर अधूनमधून शौचाच्या वेळी रक्त जात होतं, मूळव्याध समजून मलम लावणं चालू होतं. शेवटी कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने आतड्याची आतून तपासणी, झाली. मोठ्या आतड्याच्या डाव्या भागात, सिग्मॉइडमध्ये, १२ मिमीचा देठ असलेला पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरची गाठ, सापडला आणि तो तिथल्या तिथे पूर्ण काढला. गुदाशयात ४ मिमीचा आणखी एक होता, तोही काढला. रिपोर्टमध्ये मोठ्यासाठी ‘ट्युब्युलोव्हिलस अ‍ॅडेनोमा, लो ग्रेड डिस्प्लेशिया, कडा मोकळ्या’ असं लिहिलंय आणि छोट्यासाठी ‘हायपरप्लास्टिक’. वडिलांच्या आईला साठीनंतर आतड्याचा कॅन्सर झाला होता. तुम्ही विचारता: डिस्प्लेशिया म्हणजे कॅन्सरची सुरुवात का? एवढ्या कमी वयात झाला म्हणजे माझा पॉलिप जास्त वाईट का? आता दर वर्षी तपासणी करायची का? धाकट्या भावालाही करावी लागेल का?

रिपोर्ट हातात आल्यापासून तुमची झोप उडाली आहे, हे तुमच्या लिहिण्यावरून दिसतं. म्हणून पहिलं वाक्य हेच: तुम्हाला कॅन्सर झालेला नाही, आणि ज्या गाठीतून पुढे कधी तो होऊ शकला असता ती गाठ आता तुमच्या पोटात नाही.

‘डिस्प्लेशिया’ हा शब्द वाचून सगळेच दचकतात. या शब्दाचा अर्थ एवढाच की पेशींची ठेवण बिघडली आहे, त्या जरा दाटीवाटीने आणि घाईने वाढताहेत. पण अ‍ॅडेनोमा म्हणजे ज्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो तो पॉलिप, आणि अशा प्रत्येक अ‍ॅडेनोमात निदान लो ग्रेड डिस्प्लेशिया असतोच, तो असतो म्हणूनच त्याला अ‍ॅडेनोमा म्हणतात. म्हणजे तुमच्या रिपोर्टमधला हा शब्द ही वेगळी वाईट बातमी नव्हे, ‘अ‍ॅडेनोमा’ या शब्दातच ती आली. हाय ग्रेड असतं तर मी थोडं जास्त लक्ष दिलं असतं. आणि तेही कॅन्सर नव्हे, कारण आतड्यात पेशी खालच्या थरात, सबम्युकोसात, घुसल्याशिवाय आम्ही कॅन्सर म्हणत नाही. तिथवर पोचल्याशिवाय त्यांना शरीरात इतरत्र पसरायची वाट सहसा मिळत नाही.

छोट्या पॉलिपचा विचार सोडून द्या. गुदाशयातले बारीक हायपरप्लास्टिक पॉलिप निरुपद्रवी असतात. त्यांच्यामुळे पुढच्या तपासणीची तारीखही बदलत नाही.

आता मोठ्याबद्दल. अ‍ॅडेनोमातून कॅन्सर होतो हे खरं. १९८८ मध्ये बर्ट व्होगेलस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रवासातले जनुकीय टप्पे दाखवून दिले. सहसा आधी एपीसी जनुक बिघडतं, मग केआरएएस, मग टीपी५३. हे बिघाड एकावर एक साचायला वेळ लागतो, साधारणपणे दहा वर्षांच्या आसपास. बहुतेक अ‍ॅडेनोमा हा पल्ला गाठतच नाहीत, शंभरातले जेमतेम पाच गाठत असतील. कोणते गाठतील हे आधी सांगता येत नाही, म्हणून आम्ही दिसतील ते सगळे काढतो. काढण्याचा फायदा होतो याचा पुरावाही भक्कम आहे. अमेरिकेतल्या ‘नॅशनल पॉलिप स्टडी’मध्ये, १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, अ‍ॅडेनोमा काढलेल्या लोकांत कॅन्सरचं प्रमाण अपेक्षेपेक्षा ७६ ते ९० टक्क्यांनी कमी आढळलं.

कोणत्या अ‍ॅडेनोमाला जास्त मान द्यायचा, याची तीन मापं आहेत: आकार १० मिमी किंवा जास्त, पोत व्हिलस म्हणजे बोटांसारखा, आणि हाय ग्रेड डिस्प्लेशिया. यातलं एक जरी असलं तरी त्याला ‘अ‍ॅडव्हान्स्ड अ‍ॅडेनोमा’ म्हणतात. तुमच्यात पहिली दोन आहेत (‘ट्युब्युलोव्हिलस’ म्हणजे काही भाग व्हिलस), त्यामुळे तुमचा पॉलिप या गटात मोडतो. इथे ‘अ‍ॅडव्हान्स्ड’चा अर्थ पुढच्या स्टेजचा कॅन्सर असा घेऊ नका. हे नाव फार दुर्दैवी आहे, त्याने रुग्ण उगाच हादरतात. हा पॉलिप तसाच राहिला असता तर त्याची वाटचाल काळजी करण्याजोगी होती, एवढंच त्याचं म्हणणं. देठ होता, कडा मोकळ्या आहेत, म्हणजे कापलेल्या काठावर बिघडलेल्या पेशी नाहीत, आणि तो एका तुकड्यात निघाला, तेव्हा ती वाटचाल तिथेच संपली. पसरट, २० मिमीपेक्षा मोठा पॉलिप तुकड्या-तुकड्यांनी काढावा लागतो, तेव्हा जागेवर काही उरलं का ते पाहायला सहा महिन्यांत परत आत बघावं लागतं. तुमच्या बाबतीत ती वेळ नाही.

आणि आता तुमचा खरा प्रश्न: वय कमी म्हणून पॉलिप जास्त वाईट का?

याचं उत्तर ‘नाही’ असं आहे, आणि मी ते ठामपणे देतो. सूक्ष्मदर्शकाखाली ३४ वर्षांच्या माणसाचा १२ मिमीचा अ‍ॅडेनोमा आणि ६४ वर्षांच्या माणसाचा १२ मिमीचा अ‍ॅडेनोमा समोरासमोर ठेवले, तर वय पाहून कोणी त्यांना वेगळं काढू शकणार नाही. पॉलिप काढल्यानंतर पन्नाशीच्या आतल्या लोकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं, तेव्हा त्यांच्यात नव्याने अ‍ॅडव्हान्स्ड पॉलिप होण्याचं प्रमाण वयस्कर लोकांपेक्षा जास्त निघालं नाही, बऱ्याच ठिकाणी कमीच निघालं. म्हणूनच प्रमुख मार्गदर्शक तत्त्वांत पुढच्या कोलोनोस्कोपीचं अंतर मुख्यतः पॉलिपची संख्या, आकार आणि प्रकार यांवर ठरतं. तरुण आहे म्हणून ते कमी करा, असं कुठे सांगितलेलं नाही.

मग वयाला काहीच अर्थ नाही का? आहे. वय आम्हाला एक प्रश्न विचारायला लावतं: हा इतक्या लवकर का आला? चाळिशीतल्या दहा जणांमागे एक-दोघांच्या आतड्यात अ‍ॅडेनोमा सापडतो, पन्नाशीनंतर तर चौघांत एकाच्या. तिशीत तो त्यामानाने विरळा. बहुतेक वेळा या ‘का’चं उत्तर साधंच निघतं: वजन, सिगारेट, दारू, बैठं आयुष्य किंवा निव्वळ योगायोग. पण थोड्या घरांत उत्तर रक्तात असतं, आणि ते हुकलं तर त्याची किंमत फार मोठी असते.

हे मला एका रुग्णाने शिकवलं. बऱ्याच वर्षांपूर्वी तिशीतले एक गृहस्थ आले होते. एकच अ‍ॅडेनोमा, ८ मिमीचा. ‘घरात कोणाला कॅन्सर?’ म्हणून विचारलं. ‘नाही,’ म्हणाले. मी तेवढ्यावर समाधान मानलं आणि पाच वर्षांनी यायला सांगितलं. दोनच वर्षांत ते रक्त कमी झाल्याची तक्रार घेऊन आले आणि उजव्या बाजूच्या आतड्यात कॅन्सर निघाला. तेव्हा कुठे बसून नीट विचारलं. आईची पिशवी शेहेचाळिसाव्या वर्षी काढली होती, का काढली ते त्यांनी कधी विचारलं नव्हतं. ती गर्भाशयाच्या कॅन्सरसाठी काढली होती. मामा चाळिशीत पोटाच्या ऑपरेशननंतर गेले होते. त्यांच्या लेखी ‘घर’ म्हणजे वडिलांकडचं घर, आणि आईची ‘पिशवी काढली’ हे कॅन्सरच्या खात्यात धरायचं असतं हे त्यांना कोण सांगणार? ते सांगणं माझं काम होतं. त्यांचा कॅन्सर लवकरच्या टप्प्यात होता, ऑपरेशनने बरा झाला. पण तेव्हापासून मी ‘घरात कोणाला?’ एवढंच कधीच विचारत नाही. आई, वडील, भावंडं, मग मामा, मावशी, काका, आत्या, दोन्हीकडचे आजी-आजोबा असा एकेक माणूस घेतो. कोणाला काय झालं, कोणत्या वयात, ऑपरेशन कशाचं झालं, हे विचारतो. वीस मिनिटं लागतात. तुम्हीही हे करा. शक्य झालं तर आईजवळ बसून करा, कारण घरातली आजारपणं बहुधा तिलाच पाठ असतात.

त्या गृहस्थांना जे होतं त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात. साधारण तीनशे माणसांत एकाला असतं, आणि बहुतेकांना ते आपल्यात आहे हे ठाऊकच नसतं. पेशी विभागताना डीएनएची नक्कल होते, त्यात चुका राहतात, आणि त्या दुरुस्त करणारी जनुकं असतात: एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६, पीएमएस२. यातलं एक जन्मतः बिघडलेलं असलं की चुका भराभर साचतात. पण पॉलिप शेकड्याने येतात असं नाही. उलट मोजकेच येतात, कधी एखादाच, आणि म्हणूनच डॉक्टर फसतात. मात्र एरवी ज्या प्रवासाला दहा वर्षं लागतात तो इथे दोन-तीन वर्षांतही उरकतो. आयुष्यभरात आतड्याचा कॅन्सर होण्याची शक्यता कोणतं जनुक बिघडलंय त्यावर साधारण दहा टक्क्यांपासून पन्नास टक्क्यांपर्यंत जाते. बायकांना त्याबरोबर गर्भाशयाच्या कॅन्सरचाही धोका असतो. या लोकांनी विशीत-तिशीतच कोलोनोस्कोपी सुरू करून दर एक-दोन वर्षांनी करायची असते. दर वर्षी तपासणी खरोखर ज्यांना लागते ते हे लोक.

दुसरा प्रकार लपून राहत नाही. एफएपी या आनुवंशिक आजारात एपीसी जनुक जन्मापासूनच बिघडलेलं असतं आणि किशोरवयातच आतड्याच्या आतल्या बाजूला शेकडो, कधी हजारो अ‍ॅडेनोमा उगवतात. आतडं वेळेवर काढलं नाही तर चाळिशीच्या आसपास कॅन्सर जवळजवळ ठरलेला असतो. या घरांतल्या मुलांची तपासणी दहा-बारा वर्षांच्या वयापासून सुरू होते. इथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे: चार-पाच रुग्णांमागे एकाच्या घरात आधी कोणालाच काही नसतं, बिघाड त्याच्यापासूनच सुरू होतो. त्यामुळे ‘घरात कोणाला नाही’ म्हणून पॉलिपच्या संख्येकडे दुर्लक्ष करायचं नाही. आजवरच्या सगळ्या तपासण्या धरून दहा किंवा अधिक अ‍ॅडेनोमा झाले, की जनुकीय सल्ला घ्यायचाच. एमयूटीवायएच नावाच्या जनुकाचा आजारही असाच, पण तो आई आणि वडील दोघांकडून एकेक बिघडलेली प्रत आली तरच होतो, म्हणून मागच्या पिढीत तो दिसत नाही.

लहान मुलांचे पॉलिप ही निराळी गोष्ट. दोन ते दहा वर्षांच्या मुलाला न दुखता रक्त पडतं आणि आत एक लालबुंद, देठाचा ज्युव्हेनाइल पॉलिप निघतो. तो एकटाच असेल तर काढला की विषय संपला, कॅन्सरचा धोका वाढत नाही. पाच किंवा जास्त निघाले तर मात्र ज्युव्हेनाइल पॉलिपोसिस या आनुवंशिक आजाराचा विचार करावा लागतो. ओठांवर आणि तोंडात काळपट ठिपके असतील तर पॉइट्झ-जेगर्स या दुसऱ्या आनुवंशिक आजाराचा.

तुमच्याकडे वळतो. तुमचा अ‍ॅडेनोमा एक, आणि वडिलांच्या आईला साठीनंतर कॅन्सर. एवढ्यावरून मी तुम्हाला जनुकीय चाचणीला पाठवणार नाही. साठीनंतरचा एका आजीचा कॅन्सर हा बहुतेक वेळा वयाचाच असतो. पण वर सांगितलेली यादी पूर्ण झाल्यावर आणखी कोणी निघालं, पन्नाशीच्या आत आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर झालेलं, किंवा एकाच बाजूला दोन-तीन जण, तर लगेच जनुकीय समुपदेशकाला भेटा. कधीकधी कोणी सुचवतं की काढलेल्या पॉलिपवरच दुरुस्ती-जनुकांच्या प्रथिनांची रंगतपासणी करून घ्या. ती करायला हरकत नाही, फक्त ती ठीक आली म्हणून लिंच नाही असं धरू नका. अ‍ॅडेनोमाच्या टप्प्यावर ती खोटा दिलासा देऊ शकते. घरातला इतिहास संशयास्पद असेल तर रक्ताची किंवा लाळेची जनुकीय चाचणीच हवी.

पुढची कोलोनोस्कोपी तीन वर्षांनी. अमेरिकेच्या आणि युरोपच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार १० मिमी किंवा मोठा अ‍ॅडेनोमा पूर्ण काढला असेल तर हेच अंतर आहे. ब्रिटनमधल्या तज्ज्ञांनी तर त्याच वर्षी असा एकटा पॉलिप जास्त धोक्याच्या गटात धरलाच नाही. कोणाचंही म्हणणं दर वर्षी करा असं नाही. भीतीपोटी दर वर्षी करून घेणारे रुग्ण मी पाहतो आणि मला वाईट वाटतं. प्रत्येक वेळी आतडं साफ करण्याची दगदग, भूल, आणि पॉलिप काढताना रक्तस्राव होण्याची किंवा आतड्याला छिद्र पडण्याची छोटी का होईना पण खरी जोखीम, हे सगळं पदरात घेऊन हाती काही जास्त लागत नाही. तीन वर्षांनी आतडं स्वच्छ दिसलं तर पुढचं अंतर आणखी वाढतं.

मात्र एका गोष्टीची खात्री आत्ताच करून घ्या, कारण तीन वर्षांचा हा हिशेब तिच्यावर उभा आहे. पहिली तपासणी चांगल्या दर्जाची झाली होती का? रिपोर्टमध्ये तीन गोष्टी शोधा: दुर्बीण सीकमपर्यंत, म्हणजे मोठं आतडं जिथे सुरू होतं तिथवर, पोचली का, आतडं किती स्वच्छ होतं, आणि सीकमचा फोटो आहे का. चांगल्या हातांतूनही अ‍ॅडेनोमा सुटतात. एकाच माणसाची लागोपाठ दोनदा तपासणी करून पाहिलं, तर पहिल्या वेळी चारातला एक सुटलेला असतो. सुटतात ते बहुतेक बारीक, पण उजव्या बाजूचे पसरट सेरेटेड, म्हणजे करवतीच्या दातांसारख्या ठेवणीचे, पॉलिपही सुटतात, आणि तिथे अर्धवट धुतलेला मळ असला की ते दिसतच नाहीत. तुमच्या रिपोर्टमध्ये ‘तयारी असमाधानकारक’ असं असेल किंवा दुर्बीण पूर्ण गेली नसेल, तर तीन वर्षं थांबू नका, वर्षाच्या आत परत करून घ्या. आणि पुढच्या वेळी आतडं साफ करण्याचं औषध दोन हप्त्यांत घ्या, अर्धं आदल्या संध्याकाळी, अर्धं त्या दिवशी पहाटे. रुग्णाच्या हातातली ही सर्वांत मोठी गोष्ट आहे.

मधल्या काळात सीईए नावाची रक्तचाचणी करून मनाची समजूत घालू नका. पॉलिप शोधण्यासाठी तिचा उपयोग नाही. ती नॉर्मल असूनही पॉलिप असू शकतात, आणि नुसत्या सिगारेटनेही ती वाढते.

तुम्ही वर्षभर मलम लावलं, त्याबद्दल स्वतःला बोल लावू नका. मूळव्याध आहे असं सांगणारे डॉक्टरही काही अंशी बरोबरच असतात, कारण तिशीत रक्त पडण्याचं सर्वांत सामान्य कारण तेच. पण मला कळकळीने सांगावंसं वाटतं की मूळव्याध असणं आणि आत दुसरं काही नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत १९९० च्या आसपास जन्मलेल्यांना त्याच वयातल्या १९५० च्या आसपास जन्मलेल्यांपेक्षा कोलन कॅन्सरचा धोका दुप्पट आणि गुदाशयाच्या कॅन्सरचा चौपट आहे, असं २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. असाच कल इतर अनेक देशांतही आहे. म्हणूनच अमेरिकेत धोका सामान्य असलेल्यांची तपासणीही पन्नासाऐवजी पंचेचाळिसाव्या वर्षी सुरू करायला सांगतात. अभिनेता चॅडविक बोसमन २०२० मध्ये अवघ्या ४३ व्या वर्षी याच आजाराने गेला. तरीही प्रत्यक्ष आकडा लहानच आहे. जिथे हा कॅन्सर जास्त आढळतो त्या देशांतही तिशीतल्या लाखभर लोकांत वर्षाला दहा-पंधरा जणांना तो होतो. त्यामुळे तरुण माणसाने घाबरून जगायचं कारण नाही. पण रक्त परतपरत पडत असेल, लोहाच्या कमतरतेने हिमोग्लोबिन घसरलं असेल, शौचाची सवय काही आठवड्यांपासून बदलली असेल किंवा पोट सतत दुखत असेल, तर वयाकडे न पाहता आत बघायला हवं. तरुणांत कॅन्सर उशिरा सापडतो त्याचं मोठं कारण आजाराचा वेग नव्हे, रुग्णाची आणि डॉक्टरांची ‘या वयात कसं शक्य आहे’ ही खात्री असते.

काय खावं हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी थोडं सांगतो. सिगारेट असेल तर ती सोडण्याने सर्वांत जास्त फरक पडतो. दारू कमी, प्रक्रिया केलेलं मांस टाळलेलं बरं, तंतुमय अन्न भरपूर, वजन आटोक्यात, रोज चालणं. अ‍ॅस्पिरिनबद्दल कोणी सांगितलं तर मनाने सुरू करू नका. लिंच असलेल्या लोकांत तिचा फायदा चाचणीत दिसला आहे, पण तुमच्यासारख्या एकट्या पॉलिपसाठी मी ती देत नाही, पोटातून रक्तस्राव होण्याचा धोका त्या मानाने जास्त वाटतो.

राहिला भाऊ. सख्ख्या नात्यात साठीच्या आत अ‍ॅडव्हान्स्ड अ‍ॅडेनोमा निघाला, तर भावंडांनी चाळिसाव्या वर्षी, किंवा त्या नातलगाच्या निदानाच्या वयाआधी दहा वर्षं, जे आधी येईल तेव्हा पहिली कोलोनोस्कोपी करावी, असा नियम आहे. तुमच्या ३४ मधून दहा वजा केले तर २४ येतात, म्हणजे त्याने चोविशी ओलांडली असेल तर त्याची वेळ आलेली आहे. आई-वडिलांची झाली नसेल तर त्यांचीही करून घ्या, त्यांच्या आतड्यात काय निघतं यावरून तुमच्याबद्दलही बरंच कळेल. भावाला फोनवर नुसतं ‘तपासून घे’ असं सांगू नका. तुमच्या हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्टची, म्हणजे पॉलिपच्या सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीच्या अहवालाची, प्रत त्याच्या हातात द्या. त्याच्या डॉक्टरांना ‘बहिणीला पॉलिप होता’ एवढं कळून भागत नाही, आकार, प्रकार आणि वय हे तिन्ही कळायला लागतं.